जैन थाळी मिळेल, पण लंका दिसेल का?



आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर सध्या श्रीलंकेच्या सहलीचं पत्रक फिरतंय. '६ दिवस, ५ रात्री, संपूर्ण जैन भोजन, सोबत महाराज.' (महाराज म्हणजे स्वयंपाकी, गैरसमज नको.) पत्रक आल्यापासून ५७ मेसेज आले. मी मोजले, हिशेबाची सवय आहे. त्यातले ४१ जेवणाबद्दल, ९ कोणाच्या खोलीत कोण राहणार याबद्दल, उरलेले नुसते जोडलेले हात. लंकेत जाऊन काय बघायचं, हे एकीनेही विचारलं नाही. आणि आता ॲडव्हान्स भरायची घाई चालली आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ॲडव्हान्स भरू नका. लंकेला मात्र जरूर जा. जायची तयारी आपणच करायची, आणि ती जेवणापासून नाही, बघण्यापासून सुरू करायची. हे वाचून दोघी-तिघी रागावतील, ठाऊक आहे. रागावा, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी त्या पत्रकाचा हिशेब मांडू. बी.कॉम. करून चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण जमा-खर्चाचे दोन रकाने मांडल्याशिवाय मला अजून काही पटत नाही. दिवसाचे उजेडाचे तास १२ धरा. सहा दिवसांचे झाले ७२. येण्या-जाण्याच्या दिवशी विमानतळ आणि रांगा यांत १४ तास. बसमध्ये २२. जेवणं, हॉटेलात शिरणं, निघणं, बॅगा मोजणं यांत १५. रत्नांचं दुकान, मसाल्याची बाग, लाकडी कोरीवकाम आणि चहाचं दुकान मिळून ९. समुद्रकिनारा आणि होडीची फेरी ६. किती उरले? सहा तास. त्यातले दोन हत्तींना, दीड कँडीच्या दंतमंदिराला, बाकीचे बसच्या खिडकीतून कोलंबो बघायला. अनुराधपूर नाही, पोलोन्नरुवा नाही, सिगिरिया 'वेळ असल्यास'. ज्या बेटावर युनेस्कोने आठ जागतिक वारसास्थळं ठरवली आहेत, तिथे जाऊन आपण रत्नांची दुकानं बघून येणार.

बरं, निदान जैनपण तरी नीट आहे का? पत्रक पुन्हा वाचा. 'रात्री ८ वाजता जैन डिनर.' बायांनो, रात्री आठला जैन डिनर म्हणजे काय असतं? आपल्यातल्या निम्म्याजणींचा चौविहार आहे. त्या पाच रात्री आठ वाजता काय करतील, समोरच्या ताटाकडे बघत बसतील? आणि दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात लिहिलंय, 'हत्तीवरून फेरी.' डाळीत कांदा नाही ना, हे आपण तीनदा विचारणार आणि साखळदंड बांधलेल्या, अंकुशाने हाकलेल्या पंचेंद्रिय जिवाच्या पाठीवर बसून फोटो काढणार! ज्याने हे पत्रक छापलं त्याला आपला धर्म म्हणजे कांदा-लसूण-बटाटा एवढाच माहीत आहे. कारण आपण त्याला दुसरं काही कधी विचारलंच नाही.

आता माझं खरं दुखणं सांगते. या पत्रकातून जे गाव गळलं आहे, त्याच गावाशी आपलं सगळ्यात जुनं नातं आहे.

श्रीलंकेच्या बौद्ध भिक्षूंनी पाली भाषेत एक बखर लिहून ठेवली आहे, 'महावंस'. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास लिहिलेली. तीत राजा पंडुकाभयाने अनुराधपूर कसं वसवलं त्याचं वर्णन आहे. हा राजा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला मानतात. त्याने नगरात कोणाकोणासाठी जागा बांधून दिल्या, त्याची यादीच आहे, आणि त्या यादीत ज्योतिय नावाच्या निगंठासाठी घर आहे, गिरी नावाचा निगंठ आहे, कुंभांड नावाच्या निगंठासाठी देवस्थान आहे. निगंठ म्हणजे निर्ग्रंथ. बौद्ध ग्रंथ आपल्या साधूंना याच नावाने ओळखतात, भगवान महावीरांनाही ते निगंठ नातपुत्त म्हणतात. सम्राट अशोकाचा मुलगा महेंद्र धर्म घेऊन लंकेत पोचला तो त्यानंतर, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. म्हणजे बौद्धांच्या स्वतःच्या बखरीप्रमाणे, बौद्ध धर्म त्या बेटावर यायच्या आधी अनुराधपुरात निर्ग्रंथ राहत होते.

पुढे काय झालं तेही त्याच बखरीत आहे. इसवी सनापूर्वी १०३ च्या सुमारास राजा वट्टगामणी अभय गादीवर आला आणि थोड्याच दिवसांत शत्रूपुढे हरून पळाला. पळताना तो निगंठांच्या आश्रमावरून गेला. तिथल्या गिरी नावाच्या निगंठाने (पंडुकाभयाच्या काळचा नव्हे, हा नंतरचा) त्याला बघून मोठ्याने टोमणा मारला. राजाने तो मनात ठेवला. जवळपास १४ वर्षांनी राज्य परत मिळालं तेव्हा त्याने तो आश्रम पाडला आणि त्या जागी विहार बांधला. तोच अभयगिरी. राजाचं नाव अभय आणि त्या निगंठाचं नाव गिरी, दोन्ही जोडून हे नाव पडलं असं सांगतात. आज तिथे विटांचा प्रचंड स्तूप उभा आहे आणि जगभरातून लोक येतात.

मी हे भांडण उकरून काढायला सांगत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा राजा, त्याचं त्याच्यापाशी. उलट आपल्यालाही त्यात धडा आहे. साधूच्या तोंडून निघालेला एक टोमणा, आणि त्यापायी गेलेला आश्रम! भाषासमितीवर प्रवचन देताना यापेक्षा चांगलं उदाहरण कुठल्या महाराजसाहेबांना मिळेल? पण हे कळायला त्या जागी उभं राहावं लागतं. 'जैन सहल' म्हणून मिरवणाऱ्या पत्रकात नेमकी ही जागा नसावी, याचा मला राग येतो.

याच राजाचं नाव धरून पुढे चला, अर्ध्या बेटाचा रस्ता आपोआप आखला जातो. पळून गेल्यावर तो लपला दंबुल्लाच्या गुहांमध्ये आणि राज्य मिळाल्यावर त्याने त्या गुहांची मंदिरं केली. आजही पाच गुहा मूर्तींनी आणि छतावरच्या चित्रांनी भरलेल्या आहेत. दंबुल्लाहून कँडीला जाताना मातलेजवळ अलुविहार लागतो. याच राजाच्या काळात, दुष्काळ आणि युद्धाने पाठांतर करणारे भिक्षूच उरेनासे झाले, तेव्हा त्रिपिटक पहिल्यांदा इथे ताडपत्रावर लिहून काढलं गेलं. ही गोष्ट ओळखीची वाटत नाही का? आपलेही आगम असेच दुष्काळात विसरले जाऊ लागले, म्हणून वल्लभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी लिहून घेतले. आपल्या दिगंबर बहिणी षट्खंडागमासाठी श्रुतपंचमी पाळतात, आपण ज्ञानपंचमीला पोथ्यांची पूजा करतो. पोथी वाचवण्याची ही धडपड दुसऱ्यांच्या घरात कशी झाली, ते बघायला बसमधून वीस मिनिटं उतरायला काय हरकत आहे? पत्रकातली बस त्याच रस्त्याने जाते आणि थांबते मसाल्याच्या बागेत.

'पण ही तर बौद्धांची ठिकाणं, आपल्याला काय त्याचं?' असं एका वहिनींनी मला फोनवर विचारलं. वहिनी, आपल्याला काय, ते ऐका. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून आणलेल्या रोपातून वाढला आहे. अनुराधपूरचा मूळ वृक्ष बुद्धगयेच्या फांदीचा, तो अशोकाची मुलगी संघमित्रा हिने समुद्रातून नेला. दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी एक बाई हातात रोप घेऊन मगधातून लंकेला जाते, आणि आपण आज पासपोर्ट हातात असून विचारतो, 'बायका-बायका कशा जाणार?'

आपल्याकडेही अशीच एक आहे. भरूचच्या अश्वावबोध तीर्थाची कथा जिनप्रभसूरींनी 'विविध तीर्थकल्प'मध्ये लिहून ठेवली आहे. सिंहलद्वीपाची राजकन्या सुदर्शना. भरूचहून आलेल्या एका व्यापाऱ्याला शिंक आली आणि तो 'नमो अरिहंताणं' म्हणाला. ते शब्द ऐकताच तिला मागचा भव आठवला. त्या भवात ती भरूचला समडी होती आणि बाण लागून मरताना तिच्या कानावर नवकार पडला होता. मग ती गलबतं भरून भरूचला आली आणि मुनिसुव्रत स्वामींच्या मंदिराचा उद्धार केला. लंकेची मुलगी आपल्या तीर्थाला आली होती. वर्षातून दोनदा ओळीत श्रीपाळ राजाचा रास आपण ऐकतो, त्यात समुद्रप्रवासच प्रवास आहेत. ऐकायला समुद्र चालतो, जायला चालत नाही?

राहिला रावण. पत्रकात 'रामायण दर्शन' म्हणून दोन ठिकाणं घातली आहेत आणि त्यांची माहिती आपल्या रामायणाची नाही. आपल्या विमलसूरींच्या 'पउमचरिय'त आणि रविषेणाचार्यांच्या 'पद्मपुराणा'त रावण दहा डोक्यांचा राक्षस नाही, तो विद्याधर राजा आहे, प्रतिवासुदेव आहे. तो मरतो लक्ष्मणाच्या हातून, रामाच्या नाही. राम बलदेव, ते मोक्षाला जातात. अष्टापदावर भक्तीत तल्लीन होऊन वीणा वाजवणारा रावण आपल्या मुलांना आपण नाही सांगितला तर कोण सांगणार? आपल्या विदर्भात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, त्या मूर्तीची कथाही रावणाच्या परिवाराशीच जोडलेली आहे. लंकेत जाऊन गाइडचं ऐकायला हरकत नाही, पण आपलं काय आहे ते घरून वाचून जा. नाहीतर आपलीच गोष्ट आपण परक्यासारखी ऐकून येऊ.

सिगिरियाचंही असंच. फोटोत सुंदर दिसतो म्हणून सगळ्यांना तो कातळ बघायचा असतो. सुमारे २०० मीटर उंच, वर जायला हजाराहून जास्त पायऱ्या. पण तो किल्ला कशापायी उभा राहिला, हे कळलं तर पायऱ्या चढताना पाय जड होतील. राजा धातुसेनाने कलावेव नावाचा मोठा तलाव बांधला होता. त्याचा मुलगा कश्यप याने बापाला कैद केलं आणि 'खजिना कुठे आहे' म्हणून छळलं. बापाने त्याला तलावाशी नेलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि सांगितलं की माझी सगळी संपत्ती ही. मुलाने बापाला भिंतीत चिणून मारलं. मग भावाच्या भीतीने या कातळावर राजवाडा बांधून राहिला, इसवी सन ४७७ ते ४९५. आपल्याला श्रेणिक आणि कुणिक लगेच आठवतात, नाही का? बापाला तुरुंगात घालणारा मुलगा आपल्याही ग्रंथात आहे. परिग्रहावर शंभर व्याख्यानं ऐकली असतील, पण कलावेवच्या बांधावर उभं राहून ती ओंजळ आठवा.

आणि तलाव म्हटले की आपण गोंदियाच्या बायका. आपल्या जिल्ह्याला तलाव कोणी शिकवायचे? नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, मालगुजारी तलावांवर आपला धान उभा राहतो, धानावर राइस मिल आणि मिलवर आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल. अनुराधपूर आणि पोलोन्नरुवाही तशीच. तलाव बांधले म्हणून भात पिकला, भात पिकला म्हणून स्तूप उभे राहिले. पोलोन्नरुवाचा पराक्रम समुद्र बाराव्या शतकात पराक्रमबाहूने वाढवला. समुद्राएवढा तलाव, म्हणून नावच समुद्र. हे बघताना आपल्याइतकं कोणाला कळणार?

डोंगराळ भागाबद्दल एवढंच सांगते. नुवारा एलिया १,८६८ मीटर उंचीवर आहे, हवा थंड, चहाचे मळे हिरवेगार. पत्रकात 'चहाच्या मळ्यात फोटो' असं लिहिलंय. त्या मळ्यात पाठीवर टोपली बांधून पानं खुडणाऱ्या बाया तमिळ. इंग्रजांनी दक्षिण भारतातून नेलेल्या मजुरांच्या लेकी-नाती. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने यातल्या लाखो लोकांना नागरिकत्व राहिलं नाही. १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला, तरी प्रश्न पुढे कित्येक वर्षं रेंगाळला. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला बाया पहाटे जंगलात जातात, घरी येऊन पुडे बांधतात. पानं खुडणाऱ्या हाताची किंमत आपल्याला माहीत असायला हवी. तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचा असेल तर आधी तिला विचारा, तिचं नाव विचारा. जयणा फक्त मुंगीसाठी नसते.

आता या, तुमच्या ४१ मेसेजवर. जेवण.

लंका आपल्या सरळ खाली आहे. नकाशावर गोंदिया आणि कँडी जवळपास एकाच उभ्या रेषेवर येतात, घड्याळही आपलंच. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथे दिवस-रात्र वर्षभर जवळजवळ सारखे. जानेवारी ते मार्चमध्ये सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. म्हणजे पाचला मुक्कामी परतायचं, साडेपाचला जेवायचं, बस्स. दुपारी अकरा ते तीन तिथे ऊन एवढं असतं की फिरवत नाही. सकाळी लवकर निघा, दुपारी सामायिक आणि आराम, तीननंतर पुन्हा दोन तास. आपल्या नियमांचं वेळापत्रक आणि त्या देशाच्या उन्हाचं वेळापत्रक एकच आहे! ज्यांना पोरसी जमते त्यांनी सिगिरिया चढून उतरूनच पारणं करावं. नियम आड येतात म्हणून पॅकेज घ्यावं लागतं, हे खोटं आहे. आठच्या डिनरवाल्या पॅकेजमध्येच नियम मोडतात.

खाण्यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तिथे 'भाजीच आहे' असं म्हणून दिलेल्या पदार्थातही उंबलकड असू शकते. ती वाळवलेल्या माशाची पूड. नारळाच्या संबोलात आणि भाज्यांतही ती सर्रास घालतात. त्यामुळे 'शाकाहारी' एवढा शब्द पुरत नाही. मासा नाही, उंबलकड नाही, अंडं नाही, कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही, असं सिंहली आणि तमिळ दोन्ही लिपींत लिहिलेलं कार्ड घरूनच करून घ्या. तमिळ खानावळीत 'सैवम' लिहिलेलं असतं, तिथे वेंगायम म्हणजे कांदा आणि पूंडू म्हणजे लसूण, हे दोन शब्द पाठ करा. बाकी तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या ताज्या शेवया, नारळाच्या दुधातला किरीबत भात, केळी, पपई, शहाळं. आपल्या धानाच्या मुलखातल्या बाईला एवढ्यात उपाशी राहायचं कारण नाही. आप्पम आंबवलेल्या पिठाचं असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी घेऊ नये. पाणी उकळायला किटली, सोबत खाखरे, मेतकूट, चिवडा. यासाठी महाराजाचं विमानाचं तिकीट आपण नऊजणींनी वाटून कशाला भरायचं?

आणखी एक गंमत सांगते. तिथे दर पौर्णिमेला 'पोया' असतो, सरकारी सुट्टी. त्या दिवशी मांस आणि दारू विकायला बंदी असते. बौद्ध भिक्षू रोजच दुपारी बारानंतर जेवत नाहीत. सूर्यास्तानंतर आम्ही जेवत नाही, हे तिथे कोणाला सांगितलं तर कोणी आपल्याकडे विचित्र नजरेने बघणार नाही. आपल्याकडच्या लग्नघरांपेक्षा तिथे ते लवकर कळेल. फक्त पोयाला मंदिरांत गर्दी फार, तेव्हा तो दिवस प्रवासाचा धरा.

काळ कोणता? चातुर्मासात निघायचा प्रश्नच नाही, आणि लंकेच्या डोंगरातला मोठा पाऊसही मे ते सप्टेंबरच असतो. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही तो पाठ सोडत नाही. कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावर थोडं थांबा. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत उत्तरेकडची जुनी नगरंही कोरडी असतात आणि डोंगरही. म्हणजे आपला माघ-फाल्गुन. दरडींमुळे डोंगरातली रेल्वे कधी बंद असते, तेव्हा कुठून कुठपर्यंत चालू आहे ते विचारूनच तिचा बेत करा.

ज्या भगिनी म्हणतील की दिशापरिमाण व्रत आहे, त्यांना वंदन. ज्यांनी हद्द घालून घेतली आहे त्यांनी ती मोडू नये. पण व्रताचा अर्थही बघा. कुठे जायचं, कशासाठी, किती, हे आधी ठरवून त्यापलीकडे न जाणं, ही त्याची शिकवण. दुसऱ्याने ठरवलेल्या बसमध्ये बसून तो नेईल त्या दुकानात शिरणं यात परिमाण कुठे आलं? ते तर सरळ अनर्थदंड. स्वतः आखलेला प्रवास व्रताच्या जास्त जवळचा आहे.

माझा आराखडा असा. चेन्नईमार्गे कोलंबोचा विमानतळ, पहिली रात्र जवळच्या निगोम्बोत. अनुराधपूरला २ रात्री, एक पूर्ण दिवस तिथे आणि निघायच्या सकाळी मिहिंतले. वाटेत कलावेव आणि अवुकनची उभी बुद्धमूर्ती बघून सिगिरियाच्या बाजूला ३ रात्री. तिथून एक सकाळ सिगिरिया, एक दिवस पोलोन्नरुवा. मग दंबुल्ला आणि अलुविहार करत कँडी, २ रात्री. नुवारा एलिया २ रात्री. परत निगोम्बो १. एकूण ११ रात्री. गुडघे दुखणाऱ्यांनी सिगिरियाच्या पायथ्याच्या बागा बघाव्यात, त्याही कश्यपाच्याच काळातल्या. एक व्हॅन, एक ड्रायव्हर, साधी स्वच्छ घरगुती निवासं. मंदिरात चपला बाहेर, खांदे-गुडघे झाकलेले (आपल्या साडीला काय करायचंय), आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. सार्क देशांच्या लोकांना मोठ्या स्थळांच्या तिकिटात सवलत असते, तेव्हा खिडकीवर पासपोर्ट दाखवा.

'अकरा रात्री म्हणजे खर्च किती!' असं म्हणाल. खर्च एकूण बघू नका, बघायला मिळालेल्या तासाला किती पडतो ते बघा. पत्रकात ६ तास. माझ्या आराखड्यात मी मोजले ४०. दीडपट पैसे लागले तरी दर तासाचा भाव पाव हिश्शाच्याही खाली येतो. हा हिशेब यजमानांना दाखवा, दुकानात बसणारा माणूस लगेच समजेल.

आणि 'तुम्हाला जमेल का' असं कोणी विचारलं तर त्यांना आठवण करून द्या. दोनशे तपस्वींची पारणी कोणी सांभाळली? चाळीस माणसांची शिखरजीची यात्रा, गॅस-शेगडीपासून औषधांपर्यंत, कोणी उभी केली? ते जमतं आणि नऊजणींची व्हॅन जमत नाही? आपल्यातल्या बहुतेकजणी साठीच्या पुढे आहेत. गुडघे आहेत तोवर पायऱ्या आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटाची काळजी केली, आता या बारा दिवसांत तरी स्वतःच्या डोळ्यांची करा.

पुढच्या बुधवारी स्वाध्यायानंतर अर्धा तास थांबा. प्रत्येकीने एक गाव वाटून घ्यायचं, त्याची माहिती वहीत लिहून आणायची आणि सगळ्यांना पाच मिनिटं सांगायची. अनुराधपूर माझ्याकडे. पोलोन्नरुवा, सिगिरिया, दंबुल्ला, कँडी, नुवारा एलिया अजून मोकळी आहेत. कार्डं कोण करून घेणार, तेही तेव्हाच ठरवू. ज्या ४१ मेसेज लिहिणाऱ्या आहेत, त्यांनाच ते काम द्यावं असं मला वाटतं.

जय जिनेंद्र.